मानेचे सात मणके आणि मागचं गवत

मानेत सात मणके असतात हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही शिंकांमुळे. आता मला ते सातही पाठ आहेत. कोणता उजवीकडे सरकलाय, कोणता दाबला की कानामागे कळ जाते, कोणता टक्क करून जागेवर येतो, सगळं झोपेतून उठवून विचारा. त्या सातांपैकी एकालाही गाजरगवताची अ‍ॅलर्जी नव्हती. ती मला होती. पण आमच्या घरात मणक्यावर इलाज करणं सोपं होतं आणि गवतावर करणं अशक्य. का, ते सांगते. सांगताना चार वाकडे शब्द तोंडातून जातील, ते जाऊ देत.

मी बिबवेवाडीची. वडिलांची पिठाची गिरणी होती. शाळेतून आलं की दप्तर टाकून मी गिरणीत. पापण्यांवर पीठ, वेण्यांत पीठ. मिरची दळायला आली की अख्खी आळी खोकायची आणि मी तिथेच पोत्यावर बसून पाढे म्हणायची. शिंक म्हणून कधी माहीत नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला ज्याने त्याने येऊन ऐकवलं, की तुमची प्रकृतीच नाजूक. नाजूक! डोंबलाची नाजूक.

लग्न होऊन वाघोलीला आले तेव्हा घराभोवती शेत होतं. मग नगर रस्त्याच्या कडेने इमारती उठल्या, कॉलेजं आली, शेताचे तुकडे एकेक करून बिल्डरकडे गेले. आमचे हे आणि थोरले दीर, दोघा भावांनी एकमेकांकडे पाठ करून दोन बंगले बांधले. दोन्ही घरांच्या परसदारांमध्ये चार गुंठे जागा राहिली. सासरे होते तोवर तिथे मेथी, कोथिंबीर, चार वांगी असायची आणि दोन्ही घरची भाजी तिथूनच यायची. मी आणि थोरली जाऊ संध्याकाळी तिथे बसून मेथी निवडायचो. मग सासरे गेले. तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी त्या चार गुंठ्यांवरून भाऊ भांडले. दीर म्हणाले, वडिलांनी ती मला तोंडी दिलीय. हे म्हणाले, तोंडाला काय हाड असतं का, निम्मी माझी. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत जागा 'जैसे थे' ठेवा, कुणी काही बदल करायचा नाही.

आता आमच्याकडे जमिनीच्या भांडणात एक कायदा असतो, जो कुठल्या पुस्तकात नाही. वादाच्या जागेत ज्याचा हात लागला त्याने ताबा मारला. मी एकदा न कळून परसदारच्या खांबाची कपडे वाळत घालायची दोरी पलीकडच्या शेवग्याला बांधली. दुपारपर्यंत दिरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि आठवड्यात वकिलाची नोटीस आली. माझ्या परकराचा फोटो कोर्टाच्या कागदांत लागला! पुढच्या महिन्यात दिरांच्या गाडीचं मागचं चाक वीतभर आत आलं, तर यांनी चाकाचा फोटो काढला. त्यानंतर त्या चार गुंठ्यांत कुणी पाय टाकला नाही. माणसाने पाय टाकला नाही म्हणून गवत थोडंच थांबतं? पहिल्या पावसाळ्यात ते गुडघ्याला लागत होतं, दुसऱ्यात कमरेला, तिसऱ्यात माझ्या खांद्याला आलं. सगळं गाजरगवत. श्रावण संपला की त्याला बारीक पांढरी फुलं यायची आणि लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, काय छान बाग केलीय यांनी.

माझ्या शिंका सुरू झाल्या त्या दुसऱ्या वर्षी. सकाळी डोळे उघडायच्या आधी नाक गळायला लागायचं. टाळू खाजायची, डोळे लाल, आणि शिंका अशा की एक संपेपर्यंत दुसरी दारात उभी. मी घरी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मुलं आधी हसायची, नंतर त्यांनाही सवय झाली. बाई शिंकल्या की तेवढ्यात ती एकमेकांची उत्तरं बघून घ्यायची. गणपती ते दिवाळी हा त्रास, थंडी पडून फुलं सुकली की हळूहळू कमी. दिवाळीत भाऊबीजेला माहेरी पाच दिवस राहिले की एक शिंक नाही. मी यांना म्हटलं, बघा, बिबवेवाडीत मी ठणठणीत असते. तर हे म्हणाले, "माहेरी गेलं की सगळ्याच ठणठणीत हुतात."

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नाकात मारायचा फवारा दिला. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण हे काही त्या फवाऱ्याला राजी नव्हते. "एकदा सवय लागली की जन्माची लागती," असं यांचं म्हणणं. स्वतः दिवसातून आठ वेळा तंबाखू मळणारा माणूस मला सवयीबद्दल सांगत होता. मग यांच्या कुणा मित्राने सांगितलं, की औषधाविना अ‍ॅलर्जी बरी करणारे एक डॉक्टर शहरात आहेत, परदेशात शिकून आलेत, मानेचे मणके बसवतात. यांच्या घराण्याचा हाडवैद्यावर आधीपासून विश्वास. कुणाचा खांदा निखळला, कुणाची कंबर धरली की आमची माणसं इस्पितळाआधी हाडवैद्य गाठणार. त्यामुळे हे लगेच तयार झाले. नाक गळतंय आणि मान बसवायला चालले. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

आधी तिथून आली ती पथ्याची यादी. दही बंद, ताक बंद, केळं बंद, मैदा बंद, गार पाणी बंद, रात्रीचा भात बंद, दूध फक्त हळद घालून. सकाळी कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून सोडायचं. मग दीर्घ श्वसन, खिडकी उघडी ठेवून. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी कुठे उघडते, ते सांगायलाच नको. आणि मग मोकळ्या हवेत तीन किलोमीटर चालणं. वाघोलीत मोकळी हवा म्हणजे मोकळे प्लॉट, आणि मोकळा प्लॉट म्हणजे पुरुषभर गाजरगवत. मी सकाळी सहाला निघायची माणसासारखी आणि सातला परत यायची तेव्हा डोळे सुजून शेजारीण ओळखेना. हे मात्र खूश. "शरीरातली घाण बाहेर पडतीय," म्हणायचे. हो, घाण बाहेर पडत होती, पण ती माझी नव्हती.

त्या मणकेवाल्या डॉक्टरांना मात्र मी नावं ठेवणार नाही. तिशीचा मुलगा, उंच, हात गरम. जिन्यात मोठी पाटी, 'अ‍ॅलर्जी, अर्धशिशी, निद्रानाश, औषधाविना', आणि आत भिंतीवर माणसाच्या पाठीचा सांगाडा. पालथं झोपवून त्यांनी मानेवरून बोटं फिरवली तेव्हा मला रडायला आलं. बावीस वर्षांत माझ्या मानेवरून कुणी हात फिरवला नव्हता. मग त्यांनी डोकं हातात धरलं, म्हणाले, "काकू, सैल सोडा," आणि टक्क. वाटलं, गेले मी! पण उठून बसले तर मान गर्रकन फिरली. शिकवण्यांच्या वह्या तपासून तपासून जी मान धरायची, ती मोकळी झाली, हे मी मान्य करते. फक्त उठून चप्पल घालताना सात शिंका आल्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "काकू, घराच्या आसपास काय आहे?" हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. तो मुलगा यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, मणके मी बसवतो, मान मोकळी होईल, झोप बरी लागेल. पण शिंका पूर्ण थांबतील असा शब्द मी देत नाही. ते गवत मुळासकट काढून टाका, आणि छातीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा." जिन्यातल्या पाटीपेक्षा माणूस खरा निघाला. त्यावर हे काय म्हणाले असतील? "डॉक्टर, आपण मणक्याचं बघा. जमिनीचं आमी बघतो."

परत येताना खराडीच्या पुढे बस तासभर अडकली आणि हे मला समजावत होते, की हे नवे डॉक्टर कसे उगाच दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसतात. नाक! यांनी शब्दसुद्धा तोच काढावा.

पुढच्या खेपेपासून मी एकटी जायला लागले. पाचव्या खेपेला आत गेले तर बाकड्यावर माझी थोरली जाऊ बसलेली. पदर नाकाला. सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. भाऊ बोलत नाहीत म्हटल्यावर बायकांनी बोलायचं नसतं, हाही एक कायदाच. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मला शिंक आली. तिला आली. मला परत आली. सकाळी परसदाराकडून ऐकू येणारी ती शिंक मी ओळखते, शेवटी 'आई गं' म्हणायची तिची सवय आहे. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "दोघी एकाच घरच्या का?" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, "नाही."

मग जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं बी दही बंद केलंय का?"

"दही, ताक, केळी, सगळं," मी म्हटलं. "तुमचं?"

"भात बी. इंद्रायणीचा भात सोडायचा तर बाईनं जगायचं कशाला?" तिने नाक पुसलं. "मला पाचव्या मणक्यात सांगितलंय."

"मला चौथ्यात."

"म्हंजी तिथं बी आपली वाटणी झालीच की!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की काउंटरवरच्या मुलीने पाणी आणून दिलं. आणि हसता हसता मला चीड आली. दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण दोघांनी आपापल्या बायकोला वीस किलोमीटरवरच्या त्याच बाकड्यावर आणून बसवलं होतं. विळा उचलून एक सकाळ घालवली असती तर दोघींच्या माना सुटल्या असत्या. जाऊ म्हणाली, "गवताचंच हाय गं हे. ह्या पोरानं यांच्या तोंडावर सांगितलं. तवापासून हे आत येत न्हाईत, खाली गाडीत बसत्यात." आम्ही ठरवलं, आज रात्रीच्या जेवणाला दोघींनी आपापल्या नवऱ्याला सरळ विचारायचं.

मी विचारलं. हे म्हणाले, "आधी त्याला काढू दे."

"त्यांनी काढलं तर तुम्ही नोटीस पाठवाल."

"पाठवणारच. ताबा मारला म्हणजे पाठवायला नको?"

"मग तुम्ही काढा."

"म्हंजी तो पाठवील."

"मग काढायचं कुणी?"

"ते कोर्ट ठरवील," म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला. तिच्या घरीसुद्धा तेच उत्तर, शब्दाला शब्द. भाऊ आहेत हे कुठे लपणार!

भाद्रपद संपता संपता शिंका छातीत उतरल्या. मुलांना धडा वाचून दाखवताना मला एक ओळ एका दमात पुरी करता येईना. छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज यायचा. बारा पायऱ्या चढून वर गेले की कठडा धरून उभं राहायची. मग मी हट्टाने छातीच्या डॉक्टरांकडे गेले, यांनाही बरोबर नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, कागद पाहिला आणि पंप लिहून दिला. म्हणाले, "हा दमा आहे. अजून हाताबाहेर गेलेला नाही. पण दोन-तीन हंगाम असेच काढलेत तर कायमचा मुक्कामाला येईल. एक तर ते गवत हलवा, नाहीतर तुम्ही हला." हे सगळं ऐकून घेत होते, मान डोलवत होते. मला वाटलं, चला, आता डोक्यात शिरलं. घरी येताना वाटेत यांनी गाडी थांबवली आणि पाव किलो आलं घेतलं. "पंप अगदीच अडचण आली तर वापर," म्हणाले. "मणक्याचं आणि पथ्याचं चालूच ठेवू." मी त्या आल्याकडे बघत बसले.

पुढच्या आठवड्यात मी शहरात निघाले होते, तर यांनी वकिलांकडे द्यायला काही कागद दिले. शिवाजीनगरला वकिलांचं ऑफिस, जिन्याखाली. वकील वयस्कर, जेवणाचा डबा उघडून बसले होते. कागद दिले, आणि निघता निघता माझ्या तोंडून गेलं, "साहेब, ते गवत काढायला कोर्टाची परवानगी मिळेल का हो? मला त्याने दमा झालाय."

त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "गवताला कसली परवानगी? 'जैसे थे' म्हणजे बांधकाम करू नका, विकू नका, कुंपण घालू नका. कोर्टाने काय गवत राखायला सांगितलंय? फारच भीती वाटत असेल तर दोघांच्या सहीचा एक अर्ज द्यायचा, मजूर लावायचे, संपलं. आपल्या मिस्टरांना हे मी पहिल्याच वर्षी सांगितलंय."

"पहिल्याच वर्षी?"

"हो. ते म्हणाले, राहू द्या साहेब, गवत आहे तोवर तिकडून कुणी पाय टाकत नाही. साप असतील म्हणून पोरंसुद्धा येत नाहीत. फुकटचा राखणदार आहे." आणि त्यांनी घास तोंडात घातला. त्यांच्या लेखी त्यात काही विशेष नव्हतं.

मी बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले. त्या दिवशी मणक्यांकडे गेलेच नाही. पाच वर्षं मी शिंकत काढली होती, दही सोडलं होतं. नाकातून पाणी ओढलं होतं, पहाटे उठून त्याच गवतातून चालले होते, परक्या मुलाच्या हातात मान दिली होती. आणि हे सगळं चाललेलं असताना या माणसाला माहीत होतं, की एक सही केली की गवत जातं. मला राग नंतर आला. आधी लाज वाटली, इतकी वर्षं मी काय समजून राहत होते याची.

घरी गेले तर हे हळदीचं पाणी उकळत होते. हो, माझ्यासाठीच. रोज करायचे. हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान मला शिव्या तरी मोकळेपणाने घालता आल्या असत्या. मी विचारलं, "वकिलांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं?"

यांनी गॅस बारीक केला. नाही म्हणाले नाहीत. पेला माझ्यापुढे ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अगं, शिंका काय, दोन-तीन महिन्यांच्या. जमीन कायमची हाय."

मी पेला उचलून पाणी मोरीत ओतलं. बोलले असते तर बावीस वर्षांचं सगळंच बोलले असते.

रविवारी सकाळी मी यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, स्कूटरवरचे हातमोजे घातले, तोंडावर मास्क आणि वरून डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, जमीन मऊ होती. जावेला फोन केला, "ताई, मी गवत काढायला उतरतेय." ती "बरं" एवढंच म्हणाली. मी आमच्या बाजूने उपटायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी पलीकडचं दार वाजलं आणि जाऊ बाहेर आली, अंगात मुलाचा रेनकोट आणि डोक्याला टॉवेल. ती तिच्या बाजूने, मी माझ्या बाजूने. मुळासकट उपटायचं आणि मागे टाकायचं. मध्ये गवताची भिंत, एकमेकींना दिसत नव्हतो, फक्त शिंका ऐकू येत होत्या. शेजारच्या नव्या इमारतीतली माणसं चहाचे कप घेऊन बाल्कनीत येऊन उभी राहिली. हसा म्हटलं, हसा. मला किती वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हात भरून आले होते, छाती वाजत होती, दोनदा थांबून पंप घेतला, तरीही मी काढतच होते.

तासाभरात दोन्ही बाजूंनी तिसरा-तिसरा हिस्सा साफ झाला. मग आधी थोरले दीर बाहेर आले, बनियनवर. त्यांच्या आवाजाने हेही आले. दोघे भाऊ आपापल्या दारात उभे. सहा वर्षांत मी त्यांना एकमेकांशी बोलताना ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, आता एकमेकांच्या अंगावर जाणार.

दीर म्हणाले, "तुझ्या मंडळींना आवर."

हे म्हणाले, "दादा, वहिनीला आत बोलव आधी."

'दादा'! दावा लागल्यापासून हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता. दीर दोन पावलं पुढे आले. "ह्या बायका खुळ्या झाल्यात. उद्या जज्जानं इचारलं कुणी किती काढलं, तर काय सांगायचं?"

"त्येच म्हणतोय मी."

"मग असं कर. जितकं काढलं तितक्यावर दोन्हीकडनं दगड ठेवू. मधलं ऱ्हाऊ दे. मधल्याला कुणीच हात लावायचा न्हाई."

"बरोबर हाय," हे म्हणाले.

आणि दोघे वाकून दगड मांडायला लागले. कुणाच्या पायरीजवळून वीट आण, कुणाकडून फरशीचा तुकडा आण. हसतसुद्धा होते. मी हातात गवताची जुडी घेऊन उभी होते आणि पलीकडे जाऊ उभी होती. मध्ये पुरुषभर उंचीचा फुललेला पट्टा तसाच. आमच्यासाठी सहा वर्षांत ज्यांना एक सही करता आली नाही, त्यांचं आम्हाला थांबवायला दोन मिनिटांत एकमत झालं. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण खोकल्याची उबळ आली आणि मी तिथेच खाली बसले. हे म्हणाले, "बघ, सांगितलं हुतं न्हवं, त्रास करून घेऊ नको." जावेने रेनकोट काढला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली आणि बिबवेवाडीला भावाकडे आले. शिकवण्या आता मोबाइलवर घेते. हे म्हणाले, किती दिवस? म्हटलं, फुलं असेपर्यंत. यांनी अडवलं नाही, रिक्षात बॅगसुद्धा ठेवून दिली. चौथ्या दिवशी माझ्या शिंका थांबल्या. दहाव्या दिवशी पंप दिवसातून दोनदाचा एकदा झाला. मी इथे सकाळी दही-भात खाते, वाटीभर, मीठ घालून.

परवा जावेचा फोन आला. नाक चोंदलेलं, शब्द तुटत होते.

"बरी हायस का गं?"

"बरी आहे, ताई."

"शिंका?"

"नाहीत."

"मला ठाव होतं. तुझे मालक सगळ्यांना सांगत सुटल्यात, मणकं बसलं, पथ्य पाळलं, म्हणून हिची अ‍ॅलर्जी गेली. आमच्याकडं बी येऊन सांगून गेले. आता दोघं रोजच बसत्यात की एकत्र, चहाला. तुझा गुण बघून ह्यांनी माझ्या आणखी बारा खेपा ठरवल्या."

मी गेले ते श्वासासाठी, आणि माझा श्वास तिथे तिच्याविरुद्ध साक्षीला उभा केला होता. म्हटलं, "ताई, तुम्ही इकडे या. माझ्याच खोलीत राहू. थंडी पडेपर्यंत."

"मी?" ती हसली. "आणि दिवाळीचं ह्या दोघा भावांना वाढायचं कुणी? सहा वर्षांनी एका पंगतीला बसणार हायेत."

मी काही म्हणायच्या आत तिला शिंका सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात म्हणून तिनेच फोन ठेवला.